वस्तीचं नाव बदललं तो उन्हाळा

साखरेनं दादांच्या एका डोळ्याची नजर गेली तेव्हा मी पुण्याहून परत आले. दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं वडलांना दादाच म्हणतात. नोकरी सोडली नव्हती, कंपनीनं घरून काम करायची परवानगी दिली होती. गावात रेंज धड मिळत नाही आणि वीज दुपारची कधीही जाते, म्हणून मी बीडमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आई आणि दादा मात्र गावीच राहिले, केज तालुक्यात, नांदूरघाटच्या पुढं. शनिवारी सकाळी एसटीनं चौसाळ्यापर्यंत जायचं, तिथून जीपनं आत. रविवारी संध्याकाळी परत. असं माझं चाललं होतं.

कंपनीचं काम संपल्यावर मी एक दुसरं काम करायची. ते बिनपगारी होतं. पत्ते नीट लावणारं एक छोटं सॉफ्टवेअर होतं, ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो तसलं. कुणीही फुकट वापरावं, कुणालाही चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी. आपल्याकडं लोक पत्ता कसाही लिहितात. हे सॉफ्टवेअर तो पत्ता फोडून साच्यात बसवायचं: जिल्हा, तालुका, गाव, आणि गावातला भाग कुठल्या प्रकारचा, गावठाण, मळा, तांडा, वस्ती. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी ते हौसेनं सुरू केलं होतं. आम्ही कधी भेटलो नाही. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांनी हळूहळू मला बदल मंजूर करायचे अधिकारही दिले होते.

गावातल्या भागांचे प्रकार जिथं ठरवले होते ती फाईल मी बऱ्याच उशिरा उघडली. त्यात तो शब्द होता. तो मी इथं लिहीत नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याआधीच्या आमच्या जातीचं नाव, आणि त्याला चिकटून वाडा. रोमन लिपीत, सगळी अक्षरं मोठी. कोडमध्ये जी गोष्ट कधी बदलणार नाही असं धरून चालतात तिचं नाव मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे. हे मला कॉलेजपासून माहीत होतं, पण त्या दिवशी मी त्या मोठ्या अक्षरांकडं बराच वेळ बघत बसले. उठून भांडी घासली. परत येऊन बसले तरी ती तिथंच होती.

सरांना लिहिलं. उत्तर लगेच आलं. त्यांनी लिहिलं होतं, "तुमचं बरोबर आहे. जुन्या सरकारी कागदात होतं तसं मी उचललं. विचारच केला नाही, याची आता लाज वाटते. बदलू या. पण कसं बदलायचं ते तुम्हीच ठरवा, कारण आपण लोकांना शब्द दिलेला आहे."

कसला शब्द ते मला ठाऊक होतं. अशा सॉफ्टवेअरवर दुसरे लोक आपली सॉफ्टवेअरं उभी करतात. कुणी रुग्णवाहिकेसाठी, कुणी शाळांसाठी, कुणी खतांच्या दुकानांसाठी. त्यांच्या कोडमध्ये आपण ठेवलेली नावं लिहिलेली असतात. ती नावं आपण एकाएकी काढली, तर कुठल्या तरी गावात कुणाचं तरी काम बंद पडतं, आणि ते कुणाचं हे आपल्याला कधी कळतही नाही. म्हणून आधीच सांगून ठेवलेलं असतं, की पुढची मोठी आवृत्ती येईपर्यंत बाहेरून दिसणारं काही मोडणार नाही.

मी ते काम सावकाश केलं. आधी कोडच्या पोटात जिथं जिथं तो शब्द होता, जो बाहेरच्या कुणाला दिसत नाही, तिथून काढला. मग बाहेर दिसणाऱ्या नावाकडं आले. नवीन नाव ठेवलं, नगर. आमच्या भागात अशा वस्त्यांची नावं बदलताना शेवटी बहुतेक नगरच लावतात. जुनं नाव काढलं नाही, ते नव्याचंच दुसरं नाव म्हणून बाजूला ठेवलं. जो कुणी जुनं वापरील त्याला एक इशारा छापून येईल, हे नाव आता सोडा, नवीन घ्या, अशी सोय केली.

राहिला शेवटचा भाग. कोडमध्ये नाव काहीही असो, पत्ता साच्यात बसवून बाहेर देताना त्या प्रकारापुढं जो मजकूर छापला जातो तो तोच जुना शब्द होता. लोकांच्या साठवलेल्या फायलींत तो वर्षानुवर्षं बसलेला. तो बदलला तर त्या फायली आणि नवीन पत्ते एकमेकांशी जुळणार नाहीत. त्याला मी हात लावला नाही. त्याच्या डोक्यावर एक ओळ लिहून ठेवली: हा मजकूर पुढच्या मोठ्या आवृत्तीपर्यंत बदलू नका, साठवलेली माहिती तुटेल. म्हणजे कोडमध्ये नगर, आणि बाहेर छापला जाणार तोच शब्द. माझ्या हातानं मी तो जपून ठेवला. सरांनी लिहिलं, फार चांगलं काम झालं. मला तसं काही वाटलं नाही.

त्याच सुमारास गावातही नावाचं चाललं होतं. जातीवरून असलेली वस्त्यांची नावं बदलायचा सरकारचा निर्णय होता, पण ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय काही होत नव्हतं, आणि आमच्या गावात तो विषय पुढं पुढं ढकलला जात होता. तो लावून धरला सरपंचांनी. ते दादांचे दोस्त. दादा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते आणि ते ड्रायव्हर. गावात त्यांचं मोठं घर, बागायती जमीन, आणि आम्ही वस्तीवरचे. पण आगारात दोघं एका डब्यात जेवले. दादांनी हात लावल्याशिवाय ते गाडी बाहेर काढत नसत असं आई सांगते. निवृत्त होऊन ते सरपंच झाले तरी आमच्या दारात येऊन ओरडायचे, "आहेस का बे घरात?" आणि दादा आतून म्हणायचे, "न्हाई बे, मेलो." माझ्या लहानपणापासून मी हे ऐकत आले. मी त्यांना काका म्हणते.

ग्रामसभेला मी मागं बायांमध्ये बसले होते. काकांच्याच भावकीतला एक जण उठून म्हणाला, "कावून बदलायचं? इतकी वर्सं चाललंच की. नाव बदलून काय पोट भरतंय का?"

काका खुर्चीतून उठले. "तुझ्या घराला कुणी शिवी लावून हाक मारली तर चालंल का बे तुला?"

"शिवी कुठं हाय ती? नावच हाय."

"तुला न्हाई लागत. त्यांना लागती. बस खाली."

ठराव झाला. खळखळ करत झाला, पण झाला. पुढच्या महिन्यात वस्तीच्या तोंडाशी निळ्या अक्षरांची पाटी लागली. पेंटर काम करत होता तेव्हा दादा खुर्ची टाकून समोर बसले होते. एका डोळ्यानं त्यांना अक्षरं नीट दिसत नसावीत, मी वाचून दाखवू का विचारलं तर म्हणाले, "कळतंय मला." काकांच्या घरी मात्र त्यानंतर बरेच दिवस त्यांचा सख्खा भाऊ आला नाही. हे काकांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

मग उन्हाळा आला. विहिरी आटल्या, हातपंप खडखडले आणि टँकर सुरू झाले. नवीन ठेकेदार होता आणि त्याच्याकडं मोबाईलवरचं ॲप होतं. कुठल्या भागात किती लोक, कुठं किती खेपा, हे त्यातून ठरायचं आणि सकाळी ड्रायव्हरच्या मोबाईलवर यायचं. ते आमच्याच सॉफ्टवेअरवर उभं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते कळायला काही वाटच नसते. फुकट ठेवलेली वस्तू कोण उचलून नेतं ते ठेवणाऱ्याला दिसत नाही.

सर त्या दिवसांत दवाखान्यात होते, आणि माझ्या कंपनीत एक मोठं काम संपत आलेलं, त्यामुळं मी त्या सॉफ्टवेअरकडं फिरकले नव्हते. एका तरुण इंजिनिअरनं आमचा कोड वाचला. तो कुठला कोण, मला अजून माहीत नाही. त्याला माझ्या ओळीखाली तो शब्द दिसला आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं लिहिलं, असला शब्द आजच्या काळात एक दिवसही ठेवणं शरमेचं आहे, माहिती तुटत असेल तर तुटू द्या. त्यानं तो सगळीकडून काढला. बाहेर जाणाऱ्या मजकुरातूनही. माझी ओळ पुसली. जुनं काही बिघडलं का हे तपासणाऱ्या चाचण्यांमध्येही त्यानं नवाच शब्द घातला, म्हणून त्या सगळ्या पास झाल्या. सरांनी दवाखान्यातल्या पलंगावरून मोबाईलवर बघितलं, त्यांना ते योग्य वाटलं, त्यांनी मंजूर केलं आणि नवीन आवृत्ती निघाली. ती मोठी आवृत्ती नव्हती, नेहमीची छोटीच होती. छोटी आवृत्ती लोक डोळे झाकून घेतात, काही ठिकाणी तर ती आपोआपच घेतली जाते.

आईचा फोन आला तो शुक्रवारी. "टँकर येईना झालाय बाई. गावात येतोय, मळ्यात जातोय, आपल्याकडंच न्हाई."

"सरपंचकाकांना सांगितलं का?"

"तू ये उद्या," आई म्हणाली. "तुझे दादा लई बिथरलेत."

मी सकाळची पहिली एसटी धरली. जीपमधून उतरले तेव्हा वस्तीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन लांबच्या खदानीकडून येताना दिसल्या. ते पाणी जनावरांनाही पाजत नाहीत. माझी चुलती म्हणाली, "पाटी लागली म्हणून पाणी तोडलं. आजून काय पायजे?" सगळ्या वस्तीला हेच वाटत होतं. मलाही तेच वाटलं. आमच्या भागात असं वाटायला फार विचार करावा लागत नाही. लहानपणी विहिरीवर आमच्या बाया वरून पाणी वाढायची वाट बघत उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात.

दादा घरी नव्हते. ग्रामपंचायतीकडं गेल्याचं कळलं म्हणून मी तिकडं धावले. टँकर नुकताच गावात आला होता, भोवती पाइपांची झुंबड, आणि पायरीवर काका उभे. समोर दादा. हातात काठी, काळा चष्मा, पांढरा सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

"पाटी लावली म्हणून पाणी तोडलं, आसंच ना बे?" दादा विचारत होते.

"आरं मी कावून तोडीन?" काका म्हणाले. "मी तहसीलला दोनदा फोन लावला. ठेकेदार म्हणतो, गाडी तर गावात जायलीय. मला बी कळंना."

"गाडी गावात येती आन् आमच्यापाशी येऊन तिचं चाक रुततं का?"

"डोकं थंड ठेव बे. बस इथं."

"न्हाई बसत. तू न्हाई केलं तर तुझ्या माणसांनी केलं. आन् तुला ठावं न्हाई म्हणतोस." दादांचा आवाज चिरकला. "तू बी शेवटी त्यांच्यातलाच."

पाण्याला लागलेली माणसं वळून बघायला लागली. गर्दीतून कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "घ्या सरपंच. आजून बदला नावं." तो त्यांचा भाऊच होता असं मला नंतर कळलं. काका पायरीवर खाली बसले.

मी दादांना दंडाला धरून बाजूला घेतलं आणि टँकरच्या ड्रायव्हरकडं गेले. तो परळीकडचा होता, त्याला आमच्या गावाचं देणंघेणं नव्हतं. "ताई, मोबाईलवर येतं तिथं मी खाली करतो," तो म्हणाला. "तुमची वस्ती मोबाईलवर यायची बंदच झाली. मी फोन करून विचारलं. म्हणले जेवढं दिसतंय तेवढंच कर, जास्तीची खेप मांडता येत न्हाई."

त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. गावठाण होतं, मळा होता. खाली शेजारच्या गावांचे भाग होते, एका तांड्याचं नाव होतं. आमची वस्ती नव्हती. मी बोटानं वर-खाली करत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की शेजारच्या दोन्ही गावांतल्याही आमच्यासारख्याच वस्त्या नाहीत. तिथं कुठलीही पाटी लागली नव्हती. तिथले सरपंच वेगळे, भांडणं वेगळी. तरी तीन गावांतून नेमका एकच प्रकार गळाला होता. आणि त्या पडद्यावर भागांचे जे प्रकार लिहिले होते, ज्या क्रमानं, ज्या स्पेलिंगनं, ते मी रोज बघत होते. तांडा शब्दाचं स्पेलिंग सरांनी सुरुवातीला चुकवलं होतं. ते लोकांच्या वापरात गेलं म्हणून आम्ही तसंच ठेवलेलं. ती चूक ड्रायव्हरच्या मोबाईलवर होती.

मी मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि लॅपटॉप आणायला घरी धावले.

रेंज फक्त विहाराच्या पायऱ्यांवर येते. तिथं बसून मी लॅपटॉप उघडला, मोबाईलचं नेट जोडलं, आणि त्या तरुणाचा बदल वाचला. समजायला वेळ लागला नाही. ठेकेदाराच्या ॲपमध्ये माणसं आणि खेपा जुन्या शब्दापुढं मांडलेल्या होत्या. आमच्याकडून आता नवीन शब्द जात होता. दोन्हींची गाठ पडत नव्हती, आणि ज्याची गाठ पडत नाही ते ॲप गुपचूप सोडून देत होतं. कुणी पाणी तोडलं नव्हतं. कुणाच्या मनातही आलं नव्हतं. ज्यानं केलं त्याच्या मनात तर आमच्याविषयी मायाच होती.

सरांना फोन लावला. आवाज खोल गेलेला. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरे देवा. माणसांना पाणी नाही? तुम्ही करा काय करायचं ते. मला विचारू नका." आणि थोड्या वेळानं, "तुम्हालाच करावं लागतंय, याचं वाईट वाटतं."

दादा माझ्यामागून आले होते. पायरीवर टेकून बसले. "घावलं का कुणी केलं ते?"

मी त्यांना सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. ते मेकॅनिक होते, त्यांना चटकन कळलं. "म्हंजी बोल्ट नवा टाकला आन् नट जुनाच ऱ्हायला."

"हां, तसंच."

"मग नट बदला म्हणावं."

"तो ठेकेदाराकडं हाय दादा. आज शनिवार. त्याचं सॉफ्टवेअर कोण करतं, कुठं बसतं, काय ठाव न्हाई. ते बदलायला किती दिवस घेतील सांगता येत न्हाई. माझ्या हातात जुना बोल्ट परत बसवणं हाय, तेवढंच."

"म्हंजी?"

"तो शब्द परत लिहावा लागंल."

दादांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. समोरच्या रस्त्यानं माझी चुलती हंडा घेऊन चालली होती.

"माझ्या बापानं दीक्षा घेतली तव्हा टाकला तो शब्द," ते म्हणाले. "मला शाळेत घालताना मास्तरला सांगितलं, ह्यो शब्द लिहायचा न्हाई." मग म्हणाले, "लिही. बाया उन्हात हिंडायल्यात."

मी लिहिला. एकेक अक्षर. चाचण्यांमध्ये लिहिला. पुसलेली ओळ परत घातली, पण यावेळी ती मोठी केली आणि त्यात लिहिलं की हा शब्द काढल्यानं माणसांचं पाणी बंद झालं होतं. तपासलं, नवीन आवृत्ती काढली. दादा शेजारी बसून होते. एकदा त्यांनी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "ह्यो का?" मी हो म्हटलं. त्यांना तो दिसत नव्हता, त्यांनी अंदाजानं बोट ठेवलं होतं आणि ते बरोबर पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर वस्तीत आला.

खरं काय झालं ते मी विहारात सगळ्यांना सांगितलं. काहींना पटलं. काहींनी मान हलवली आणि घरी गेले. माझ्या चुलत भावानं विचारलं, "कॉम्प्युटरला कसं कळलं बरोबर आपलीच वस्ती सोडायची?" मी समजावून सांगितलं, पण सांगता सांगता मला जाणवलं की तो विचारतोय ते चुकीचं नाही. आमच्यासाठी वेगळा शब्द करून ठेवला होता, म्हणून आम्ही वेगळे गळू शकलो. गावठाणाचं असं कधी झालं नसतं.

त्या संध्याकाळी दादा काकांच्या घरी गेले. मी म्हटलं, मी येते बरोबर, तर नको म्हणाले. दिवस मावळायच्या आत परत आले. आईनं विचारलं, "भेटले का?"

"भेटला."

"मग?"

"चहा दिला. खुर्ची दिली." दादा चपला काढत होते, अंधूक नजरेनं बंद चाचपत. "मी म्हणलं, चुकलं माझं. तर म्हणला, ऱ्हाऊ द्या, होतं आसं." त्यांनी चपला भिंतीशी सरकवल्या. "मला 'या, बसा' म्हणला. 'तुमी' म्हणला मला."

आईनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. ते जेवले नाहीत.

काका त्यानंतर आमच्या दारात आले नाहीत. भांडण नव्हतं. लग्नात, मयतीत दिसायचे, हात जोडायचे, दादांच्या तब्येतीचं विचारायचे, सगळं अहो-जाहोनं. त्यांना भावकीत तोंड दाखवायला जागा उरली नव्हती आणि आमच्याकडं यायला मन उरलं नव्हतं, असं मला वाटतं. मी एकदा त्यांना एकटी भेटले. म्हटलं, "काका, दादा रोज तुमची वाट बघतात." ते शेताच्या बांधावर उभे होते. म्हणाले, "बाई, तुझ्या बापानं रागात म्हणलं, हे मला कळतंय. पन त्याच्या तोंडातून आलं म्हंजी कुठंतरी होतंच की. तीस-पस्तीस वर्सं होतं का ते? हेच डोक्यात फिरतंय." पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. दिवाळीनंतर मुलाकडं संभाजीनगरला राहायला गेले. दादांना ते दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

सरांनी पुढं ते सॉफ्टवेअर माझ्यावर सोपवलं. आता मोठी आवृत्ती कधी काढायची हे माझ्याच हातात आहे. ठेकेदाराच्या ॲपवाल्यांना मी शोधून काढलं, त्यांना काय बदलायचं ते ओळ न् ओळ लिहून पाठवलं, बदल करूनही देते म्हटलं. त्यांचं उत्तर आलं: सध्या व्यवस्थित चालू आहे, पुढच्या कंत्राटाच्या वेळी बघू. आणि ते मला सापडले म्हणून. न सापडलेले आणखी किती असतील. माझा इशारा कुठल्या कुठल्या यंत्रांवर रोज छापला जात असेल आणि तो कुणी वाचत नसेल. उन्हाळ्याच्या तोंडावर मी आवृत्ती पुढं ढकलते, पावसाळ्यात करू म्हणते, आणि पावसाळ्यात पाऊस झाला नाही की परत ढकलते.

मागच्या आठवड्यात एका मुलीचा मेल आला. विदर्भातली आहे, नुकती नोकरीला लागलेली. तिनं आमचा कोड उघडला होता. लिहिलं होतं, 'तुमच्या फाईलमध्ये हा शब्द बघून मला रडू आलं. ह्याच नावाच्या वस्तीत मी वाढले. हे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या लोकांना काहीच कसं वाटत नाही?'

मी तिला लांब उत्तर लिहिलं. टँकरचं लिहिलं, दादांचं लिहिलं, मीही तसल्याच वस्तीतली आहे हेही लिहिलं. वाचून पाहिलं तर ते सगळं सबबीसारखं वाटत होतं. पुसून टाकलं. मग तिला तेवढंच कळवलं, की नवीन नाव आलेलं आहे, तिनं तेच वापरावं, आणि जुनं अजून काढता येत नाही त्याचं कारण त्या शब्दाच्या वर लिहून ठेवलेलं आहे. खाली सही केली आणि पाठवून दिलं. तिचं उत्तर आलेलं नाही.